शिंतोडे

सिनेमाच्या धंद्यात तिला सगळे डागवाली म्हणत, आणि तिला या नावाचा केवढा तोरा होता. तोरा मिरवावा असं त्यात काही नव्हतं, पण हे कळायला तिला सात वर्षं लागली. हुशार माणसांना जरा वेळच लागतो.

कलाविभागातली ती सहायक. कोऱ्या वस्तू जुन्या करणं हे तिचं काम. दुकानातून आलेली करकरीत चादर चहाच्या पाण्यात उकळायची, नव्या टेबलाचे कोपरे काचकागदाने घासून बोथट करायचे, वरून रॉकेलमध्ये पातळ केलेलं डांबर फिरवायचं. भिंतीवर ओल आणायची, ओलीवर बुरशी आणायची आणि शेवटी फडक्यात बांधलेली मुलतानी माती आपटून सगळ्यावर धूळ पाडायची. सकाळी आलेलं कपाट दुपारी तीन पिढ्यांनी वापरल्यासारखं दिसायचं. "हिच्या हाताखालून गेलेली खुर्ची पेन्शन घेऊनच बाहेर येते," असं सेटवरचा सुतार म्हणायचा. ती हसायची आणि पुढच्या खुर्चीला हात घालायची.

घरी याच्या अगदी उलट. वडील पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं दहा बाय बाराचं दुकान होतं आणि दुकानावर त्यांच्याच हातची पाटी होती, 'येथे पाट्या रंगवून मिळतील'. निळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं, डाव्या बाजूने पिवळी सावली. प्रत्येक शब्दाची शिरोरेघ ते एका श्वासात ओढत. श्वास आत घेतला, ब्रश टेकवला, थेट शब्दाच्या टोकाला जाऊन सोडला. मध्ये जोड नाही, थरथर नाही. पाटी मनासारखी झाली की उजव्या कोपऱ्यात खाली एक इवलासा ब्रश काढत आणि त्याखाली आपली दोन अक्षरं टाकत. मनासारखी नाही झाली तर कोपरा रिकामा ठेवत आणि गिऱ्हाइकाला "उद्या या" म्हणत. उद्यापर्यंत ती पाटी खरवडून नव्याने रंगवलेली असे.

दुकान इतकं स्वच्छ की पाहुण्यांना हे पेंटरचं दुकान आहे हे सांगावं लागे. भिंती पांढऱ्या. ब्रश धुऊन, तेल लावून, नंबराप्रमाणे ओळीने ठेवलेले. डब्यांच्या कडा पुसलेल्या. जमिनीवर पडलेला थेंब म्हणजे वडिलांच्या लेखी चारचौघांत झालेली फजिती होती. समोर फ्लेक्स छापणारं यंत्र आलं आणि गल्लीतल्या अर्ध्या दुकानांवर छापील चेहरे फडफडायला लागले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, "वाऱ्यावर हलतं ती पाटी नव्हे, धुणं." मग ते घरांच्या दारावरच्या नावपाट्या आणि गाड्यांचे नंबर रंगवत बसले. तक्रार केली नाही, पण फ्लेक्सवाल्याला कधी नमस्कारही केला नाही.

लेकीच्या कामाबद्दल त्यांचं मत फार वेळ घेऊन बनलेलं नव्हतं. "म्हणजे मी जुनं नवं करतो आणि तू नवं जुनं करतेस," ते म्हणाले होते. "वा. दोघांनी मिळून जगाचं काही वाढवलं नाही." तिने काम केलेला सिनेमा बघायला ते जात, पण बघत फक्त पाट्या. नायक पडद्यावर तडफडत असे आणि हे शेजारच्या खुर्चीत कुजबुजत, "मागच्या दुकानावर 'ओषध' लिहिलंय बघ. मरणारच तो."

तुच्छतेचं हे बाळकडू घेऊन ती सिनेमात आली होती, त्यामुळे तिला कुणीच पसंत पडत नसे. तिचा कलादिग्दर्शक स्वतःला काका म्हणवून घ्यायचा, वय अडतीस, आणि सगळं काम फोनवरून करायचा. नट आरशाशिवाय कुणाशी मनापासून बोलत नसत. पण तिचा खरा राग होता दिग्दर्शकावर. ज्याच्याकडे तिने सर्वात जास्त सिनेमे केले, तो गरिबांवर सिनेमे काढणारा म्हणून नावाजलेला होता. त्याचा सगळा संसार दोन शब्दांवर चालायचा, 'टेक्श्चर' आणि 'जिवंत'. सेटवर आला की भिंतीला नख लावायचा, नखाचा वास घ्यायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "अजून थोडी घाण." एवढ्याशा तीन शब्दांसाठी माणसाला डोळे का मिटावे लागतात, हे तिला कधी कळलं नाही.

एकदा त्याने एका म्हातारीचं खरं घर चार दिवसांसाठी घेतलं. दोन खोल्या, एकटी बाई, भांडी आरशासारखी. दिग्दर्शकाला ती भांडी बघवेनात. डागवालीने हुकमाप्रमाणे काजळी आणि ग्लिसरीन कालवून एकूण एक भांडं काळं केलं. पहिला शॉट झाला, जेवणाची सुट्टी झाली. परत येऊन बघतात तर मांडणीवर सगळं लखलखतंय. म्हातारीने तासाभरात घासूनपुसून जागच्या जागी लावून टाकलं होतं.

दिग्दर्शकाने कपाळाला हात लावला. म्हातारी त्याला म्हणाली, "एवढी माणसं घरात आली आणि मी भांडी काळी ठेवू?"

"आजी, कॅमेऱ्याला असं लागतं," दिग्दर्शक लहान मुलाला समजावतात तशा आवाजात म्हणाला.

डागवालीने भांडी पुन्हा काळी केली. करता करता ती मनातल्या मनात दिग्दर्शकाला एकेक शेलकी शिवी देत होती. याला गरिबाचं घर म्हणजे उकिरडा वाटतो, हा माणूस आयुष्यात कधी कुणाच्या स्वयंपाकघरात उभा राहिलेला नाही, वगैरे. म्हातारी दारात उभी राहून आपली भांडी काळी होताना बघत होती. तिची माफी मागावी असं काही डागवालीच्या मनात आलं नाही. मनात ती म्हातारीच्या बाजूने होती ना, तेवढं तिला पुरेसं वाटलं.

त्याच रात्री तिने ठरवलं की आपण आपला सिनेमा काढायचा. धंद्यातला प्रत्येक सहायक हे दर सहा महिन्यांनी ठरवतो, तेव्हा त्यात नवल काही नाही. नवल हे की तिने खरंच लिहून काढला. दहा मिनिटांचा सिनेमा. एक पेंटर आपल्या दुकानात सकाळपासून संध्याकाळपर्यंत एक पाटी रंगवतो. बस. ना गाणं, ना मरण. सगळ्याच्या मध्यावर एकच शॉट, हाताच्या अगदी जवळून घेतलेला, एका श्वासात ओढलेल्या शिरोरेघेचा. तो हात वडिलांचा. एका संस्थेला तिचं लिखाण आवडलं. त्यांनी कॅमेरा, एक रिकामं गोदाम आणि शूटिंगचे तीन दिवस दिले. तीन दिवसांत झाला तर त्यांच्या सभागृहात दाखवणार, नाही झाला तर विषय संपला. तिकडे दिग्दर्शकाचा निरोप येऊन पडलाच होता, "तीन महिन्यांनी ये. चिखलाचं मोठं काम आहे." हे तीन दिवस हातचे गेले तर आपण उरलेला जन्म दुसऱ्याच्या सिनेमात चिखल कालवणार, हे तिला स्वच्छ दिसत होतं.

वडिलांना विचारलं तेव्हा ते दोन दिवस गाड्यांचे नंबर रंगवत राहिले. तिसऱ्या दिवशी ताटावरून उठता उठता म्हणाले, "येतो. पण माझं नाव जाणार असेल तर काम नीट दाखव."

आईने विचारलं, "शर्ट नवा घालायचा का जुना?"

"जुना," ती म्हणाली.

"त्यांच्याकडे जुना नसतो. विरला की मी लादी पुसायला घेते."

आता खऱ्या दुकानातच शूटिंग करायला काय हरकत होती? हरकत काढली कॅमेरामनने. हा तिचा मित्र, डोक्यावर कायम उलटी टोपी आणि तोंडात कायम दुसऱ्याचं मत. तो दुकान बघायला आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "हे दवाखान्यासारखं दिसतंय गं. पेंटरचं दुकान वाटायला नको?" खरं तर त्याला तिथूनच हाकलायला हवं होतं. तिने मान डोलावली. शिवाय जागा लहान, कॅमेरा मागे घ्यायला वाव नाही, अशी दोन कारणं तिने स्वतःच जोडून दिली. नको त्या गोष्टीला कारणं जोडण्यात ती पटाईत होती.

मग गोदामात तीन भिंतींचं दुकान उभं राहिलं. प्लाय ठोकला, वर प्लास्टर, वर चुना. आणि मग तिने जमिनीवर ताडपत्री अंथरून बाह्या सरसावल्या. लाल, निळा, पिवळा, हिरवा असे चार डबे उघडले, जाड ब्रश बुडवला आणि मनगटाला झटका देत भिंतींवर रंग उडवायला सुरुवात केली. थेंब, ओघळ, पुसलेल्या बोटांचे पट्टे. डब्यांच्या कडांवर साय धरवली. स्टुलाला चारही रंगांचा लेप दिला. दोन तास ती अगदी तल्लीन झाली होती. कॅमेरामन म्हणाला, "आता कसं जिवंत वाटतंय." तो शब्द कानावर पडूनही तिला काही टोचलं नाही, इतकी ती खूश होती. वडिलांनी दुकानावरची खरी पाटी उतरवून, चादरीत गुंडाळून आदल्या दिवशीच पाठवली होती. ताडपत्री उचलून तिने ती मधोमध लावली.

पहिल्या दिवशी सकाळी वडील आले. इस्त्रीचा शर्ट, हातात ब्रशांचा लाकडी डबा. सगळ्यांना नमस्कार करून ते सेटच्या कडेला उभे राहिले आणि बराच वेळ बघत राहिले. कौतुकाने बघताहेत असं तिला वाटलं.

"हे कुणाचं दुकान?" त्यांनी विचारलं.

"तुमचंच की, बाबा."

ते भिंतीपाशी गेले. डोक्याच्याही वर, कोपऱ्यात, एक टपोरा निळा थेंब होता. त्याच्याकडे बोट करून म्हणाले, "हा तिथे कसा पोचला?"

"म्हणजे?"

"पाटी इथे. मी इथे बसणार. थेंब गेला छताला. मी काम करत होतो का नाचत होतो?"

कॅमेरामन फिस्सकन हसला. "बाबा, कॅमेऱ्याला असं लागतं," ती म्हणाली. "नाहीतर ते जिवंत वाटत नाही."

वाक्य तोंडातून गेलं आणि आवाज तिला ओळखीचा वाटला. लहान मुलाला समजावतात तसा. पण आता सगळ्यांच्या देखत माघार कोण घेणार?

वडिलांनी आवाज चढवला नाही. "चाळीस वर्षांत मी खाली एक थेंब राहू दिला नाही," ते म्हणाले. "आणि तू तीन भिंती भरून माझ्यावर शिंतोडे उडवलेस."

कुणाला वाटलं म्हातारा विनोद करतोय. दोघंतिघं हसली. वडिलांनी डब्यातून पेचकस काढला, चारही स्क्रू सावकाश फिरवले, पाटी उतरवली, चादरीत गुंडाळली आणि काखेत मारली.

"दुकान तुझं ठेव," ते म्हणाले. "पाटी माझी आहे."

त्या दिवशी एकही शॉट झाला नाही. संध्याकाळी घरी वडील वर्तमानपत्रात तोंड खुपसून बसले होते, आणि ते अख्खं पान जाहिरातींचं होतं. आईने तिला स्वयंपाकघरात गाठलं. "भिंती पांढऱ्या कर म्हणताहेत. मग येतील."

"त्यांना सिनेमातलं काय कळतं?"

"काही नाही," आई म्हणाली. "त्यांना पाटीतलं कळतं. तुला दोन्हींतलं किती कळतं ते बघ."

यावर कुणीही शहाण्या माणसाने सकाळी उठून भिंती पुसल्या असत्या. ती डागवाली होती. तिने हिशेब मांडला तो असा की पाटी तर पाटी, त्यात काय एवढं? सिनेमांसाठी तिने दोनशे पाट्या केल्या होत्या, एकीलाही कुणी नावं ठेवली नव्हती. वडिलांसारखी पाटी आपण दुपारपर्यंत करतो, हात कुणाचा तरी घेतो, आणि मग बघू. त्या दोनशे पाट्या पडद्यावर दोन दोन सेकंद, तेही पाठीमागे, धूसर दिसल्या होत्या, ही गोष्ट तिला आठवली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सेटवर पाटीच्या जागी प्लाय लावून कामाला लागली. प्लायला निळा हात दिला, तो वाळल्यावर खडूच्या दोऱ्याने रेघा मारल्या. श्वास आत घेतला, ब्रश टेकवला. 'येथे'ची शिरोरेघ 'थे'वर पोचेपर्यंत श्वास संपला. तिथे जोड आला. जोड झाकायला रंग वाढवला तर तो ओघळला. ओघळ पुसला तर निळ्या जमिनीवर पांढरा फराटा उठला. दुसरा प्लाय घेतला. 'पाट्या'तला 'ट्या' चिरडला. तिसऱ्यावर 'रंगवून' लिहिताना दीर्घ उकार खालच्या ओळीत घुसला. लहानपणी हेच काम वडील गिऱ्हाइकाशी गप्पा मारत करायचे. तिचे खांदे भरून आले होते, तळहाताला घाम सुटला होता आणि गप्पा मारायचं नावही नव्हतं. कॅमेरामन दोनदा येऊन बघून गेला, तिसऱ्यांदा आला नाही.

दुपारी पाठ भरून आली म्हणून ती खाली टेकली आणि तेव्हा तिने जमीन बघितली. तिच्या डाव्या पावलाजवळ, पाटीच्या बरोबर खाली, वीतभर जागेत सगळे थेंब पडले होते. पांढरे आणि निळे. दुसरा रंगच तिने वापरला नव्हता. चारदोन तिच्या बुटावर होते, एक पँटवर. यांतला भिंतीवर एकही नव्हता. असणार कसा? रंग खाली पडतो, वर चढत नाही. मग तिने मान वर करून आपल्या तीन भिंती बघितल्या. लाल, हिरवा, पिवळा, छतापर्यंत. कुणीतरी रंगपेटीसकट जिन्यावरून गडगडत आल्यावर उडावा तसा. सात वर्षं ती डागांवर पोट भरत होती, आणि रंगाचा थेंब कुठे पडतो एवढी साधी गोष्ट तिला ठाऊक नव्हती. दिग्दर्शकाला निदान डोळे मिटायची सवय होती. तिने उघड्या डोळ्यांनी हे केलं होतं. वडिलांच्या दुकानात लहानाची मोठी होऊन.

तिला स्वतःचा सडकून राग आला. मग तिने सगळ्यांना हाक मारली. "भिंती पांढऱ्या करा. तिन्ही. दोन हात."

"आणि जमीन?" सुताराने विचारलं.

"जमिनीला हात लावायचा नाही."

भिंती वाळत असताना तिने फोन हातात घेतला. आता वडिलांना बोलवता आलं असतं. पण खाली पडलेले थेंब त्यांचे नव्हते, आणि समोरची पाटीही नव्हती. त्यांना आणून तिथे बसवलं तर पुन्हा त्यांच्या अंगावर तिचेच शिंतोडे. तिने फोन खिशात टाकला आणि कॅमेरामनला म्हणाली, "हात माझा घे."

"तुझा? पेंटरचा हात असा दिसतो?"

"नाही दिसत. तेच घे."

तिसऱ्या दिवशी तिने चौथा प्लाय रंगवला आणि कॅमेरा तिच्या हाताला चिकटून राहिला. शिरोरेघ ओढताना तुटलेला श्वास, जोड, ओघळ, खाली पडणारा थेंब, सगळं आलं. पाटी पुरी झाली. बरी म्हणावी अशीही नव्हती. शेवटी उजव्या कोपऱ्याशी ब्रश नेला आणि तिथे तिचा धीर सुटला. कोपरा रिकामाच राहिला. सिनेमा मात्र तीन दिवसांत झाला.

दीड महिन्याने संस्थेच्या सभागृहात तो दाखवला. साठ खुर्च्या, चाळीस माणसं, त्यातली निम्मी आपापला सिनेमा लागायची वाट बघत. दिग्दर्शकही आला होता, कारण फुकटच्या कार्यक्रमात तो स्वतःला प्रमुख पाहुणा समजायचा. सिनेमा संपल्यावर तो तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "छान प्रयत्न. पण भिंती फार कोऱ्या गं. टेक्श्चर कमी पडलं. तू असून?" आणि डोळे मिटले.

"हो का?" ती म्हणाली. "आणि चिखलाला दुसरं कुणी बघा."

त्याने डोळे उघडले, पण तोवर ती शेवटच्या रांगेकडे निघाली होती. तिथे आईवडील बसले होते. आईने डोळ्यांना पदर लावला होता. ती प्रत्येक सिनेमाला लावायची, तेव्हा त्यावरून काही कळत नव्हतं. वडील रिकाम्या पडद्याकडे बघत होते. ती त्यांच्या पुढ्यात उभी राहिली. सात वर्षांत कुणाच्या मताची तिने एवढी धास्ती घेतली नव्हती.

"दुकान शिकाऊ माणसाचं आहे," वडील म्हणाले.

"हो."

"मग डाग बरोबर पडलेत."

तिचा जीव भांड्यात पडणार तोच ते पुढे म्हणाले, "'येथे'ला जोड आहे. 'रंगवून'चा उकार लंगडा आहे. ओघळ पुसायचा नसतो, वाळू द्यायचा असतो, हे तुला सहाव्या वर्षी सांगितलं होतं."

"हो, बाबा."

"आणि कोपरा रिकामा का ठेवलास?"

काम मनासारखं झालं नाही म्हणून, हे त्यांना सांगायची गरज नव्हती. नियम त्यांचाच होता. वडील गुडघ्यावर हात टेकून उठले, शर्ट सारखा केला आणि खिशातून चादरीच्या चिंधीत गुंडाळलेला शून्य नंबरचा बारीक ब्रश काढून तिच्या हातात दिला.

"गल्लीतली चार माणसं हा सिनेमा बघणार, त्याआधी तेवढा कोपरा कॅमेऱ्यात पुन्हा घे," ते म्हणाले. "एवढं भिकार काम त्यांना माझं वाटेल. खाली तुझं नाव टाक."